आम्ही उतारू

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला भाषणाचे सांगितले तेव्हा विषय दिला नाही, वेळ तेवढी दिली. वीस मिनिटे! मी म्हटले, ज्या गोष्टीचा मला छत्तीस वर्षांचा रोजचा अनुभव आहे तिच्यावरच बोलेन. त्यांना वाटले, मी स्वयंपाकावर बोलणार. पण स्वयंपाकातले माझे ज्ञान किती आहे ते माझ्या घरच्यांना चांगले ठाऊक आहे आणि त्यांच्यापैकी दोघे आज मागच्या बाकावर बसले आहेत. तेव्हा ते धाडस नको. मी बोलणार आहे बसवर.

१९७५ साली मला चर्चगेटच्या एका कचेरीत नोकरी लागली आणि २०११ साली मी निवृत्त झाले. मधली सारी वर्षे सकाळी एक बस, संध्याकाळी एक बस. माणसाच्या आयुष्यात इतका वेळ ज्या जागी जातो ती जागा म्हणजे एक घरच की! त्या घरात किती शेजारी भेटले, किती भांडणे झाली, किती मुलींची लग्ने जमली आणि किती भाज्या निवडून झाल्या याचा हिशेब नाही. हो, भाज्या निवडून! परतीच्या बसला चौपाटी येईपर्यंत शेंगा सोलून पिशवीत पडत आणि साले रुमालात. आमच्यातल्या एकीने तर दोन लेकरांचे स्वेटर बसमध्येच विणून पुरे केले.

मुंबईत बस आली ती १५ जुलै १९२६ रोजी. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी ती पहिली बस धावली. तिच्या आधी ट्राम होती, प्रथम घोड्यांची, १८७४ पासून, आणि मग १९०७ पासून विजेची. दुमजली बस १९३७ साली आली. स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, हा सगळा कारभार महानगरपालिकेकडे आला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. माझ्या सासूबाई ती पाहायला रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. घरी येऊन त्या एवढेच म्हणाल्या, "आता बस शिकली पाहिजे."

बस 'शिकली' पाहिजे, हा शब्द माझ्या मनात राहून गेला आहे. आपण म्हणतो, बसमध्ये काय शिकायचे? उभे राहायचे, चढायचे, पैसे द्यायचे. पुरुषांना तसे वाटणे साहजिक आहे. मुलगा दहा वर्षांचा झाला की बापाबरोबर, मित्रांबरोबर जातो आणि आपोआप शिकतो. आमच्या पिढीच्या बाईला मात्र कोणीतरी हाताला धरून शिकवावे लागले. मी लग्न होऊन १९७३ साली रत्नागिरीकडच्या गावातून ताडदेवच्या चाळीत आले. पहिली दोन वर्षे माझी मुंबई म्हणजे दूधकेंद्र, भाजीवाला आणि देऊळ. नोकरीचा कागद आला तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त, की तिथपर्यंत जायचे कसे?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई तेव्हा फोर्टात नोकरीला होत्या. त्या म्हणाल्या, "कामाच्या आधी तीन दिवस माझ्याबरोबर ये." तीन दिवस मी त्यांच्या मागे मागे गेले. त्यांनी शिकवले ते असे: सुटे पैसे पर्समध्ये नाही, मुठीत ठेवायचे. पदर कमरेला खोचल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायचा नाही. मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरायचे आणि आपला थांबा यायच्या आधीच्या थांब्याला उठायचे. उतरताना गाडी जिकडे चालली तिकडे तोंड करायचे, उलटे उतरले की माणूस पडलाच. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबणार, दोनदा ओढली की निघणार. तेव्हा एक घंटा वाजली की चढायचे आणि दुसरी वाजायच्या आत दांडा धरायचा. अन् शेवटचे म्हणजे, "कोणी मुद्दाम धक्का दिला तर मान खाली घालायची नाही. मोठ्याने बोलायचं. आपला आवाज हाच आपला पोलीस."

या शेवटच्या धड्याविषयी थोडे स्पष्ट बोलते. मंडळात आपण बायकाच आहोत आणि मागचे दोघे घरचेच आहेत. गर्दीच्या बसमध्ये काय होते हे इथल्या एकीलाही मी सांगायला नको. आमच्या वेळी प्रत्येकीच्या पदराला एक सेफ्टी पिन जास्तीची असे, आणि ती पदरासाठी नसे. पण पिनेचा उपाय मुका आहे. तो माणूस चरफडत दोन पावले सरकतो आणि पुढच्या मुलीपाशी जाऊन उभा राहतो. एकदा संध्याकाळच्या बसला कॉलेजातली एक मुलगी माझ्या पुढे उभी होती. तिचा चेहरा पाहून मला कळले. मी मागच्या इसमाला खणखणीत आवाजात विचारले, "अहो, एवढी जागा मोकळी आहे, तुम्हाला इथेच का उभं राहायचंय?" सगळी बस वळून पाहू लागली. तो म्हणाला, गर्दी आहे. तेवढ्यात कंडक्टरने दोरी एकदा ओढली. थांबा नव्हता काही नव्हता, गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कंडक्टर एवढेच म्हणाला, "तुमची गर्दी इथे उतरते." आणि तो उतरेपर्यंत त्याने दुसऱ्यांदा दोरी ओढली नाही.

त्या कंडक्टरचे नाव मला कधी कळले नाही. पण बस म्हणजे नुसती चार चाके नव्हेत, तिच्यात एक जबाबदार माणूस असतो आणि तो आपल्या बाजूचा असू शकतो, हे मला त्या दिवशी पटले. तिकिटाचा चिमटा टकटक वाजवत, "पुढे चला, पुढे चला" करत तो गर्दीतून फिरे. सुटे नसले की तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देई आणि उतरताना आठवणीने परत करी. आता चिमटा जाऊन यंत्र आले आहे, मोबाइलवरही तिकीट निघते. यंत्राला माझा विरोध नाही. टकटक मात्र कानाला चुकल्यासारखी वाटते.

आता जरा सासूबाईंकडे वळते. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची बहीण कुलाब्याला राहत असे आणि तिच्याकडे जायला त्यांना नेहमी कोणाची तरी वाट पाहावी लागे. मुलगा कामावर, सून कामावर, नातवंडे शाळेत. ताडदेवहून मरीन ड्राइव्हवरून आर. सी. चर्चला १२३ नंबरची बस जाई. मुंबईच्या बसच्या पाटीवर समोर मराठी आकडे असत, हे आपल्यातल्या जुन्या बायकांना आठवत असेल. मी सासूबाईंना एका रविवारी थांब्यावर नेऊन ते तीन आकडे दाखवले. त्यांनी ते आपल्या पद्धतीने पाठ केले. "पहिला शेपटीवाला, दुसरा मान वाकवून बसलेला, तिसरा दोन पोटांचा." पुढच्या आठवड्यात त्या एकट्या कुलाब्याला जाऊन आल्या! घरात शिरताना त्यांचा चेहरा असा होता, जणू काशीयात्राच करून आल्या. मग त्यांना नाद लागला. चौथा आकडा कसा असतो, पाचवा कसा? दहाही आकडे आले, तेव्हा म्हणाल्या, आता पाटीवरचे पुढचे ते काय लिहिले आहे? तेवढ्यासाठी त्या साठीला टेकलेल्या असताना आपल्या मंडळाच्या साक्षरता वर्गाला येऊन बसल्या. त्या वर्गाच्या भिंतीवर गमभनचा तक्ता होता, पण सासूबाईंनी वाचलेला पहिला शब्द 'कुलाबा' होता. आमच्या गुरुजनांना हे क्रमाला सोडून वाटले असेल!

दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बायका सहसा जात नसत. अरुंद जिना, नेसूचे लुगडे आणि खाली उभे असलेले पुरुष, कारण सांगायला नको. मी आणि कचेरीतली एक मैत्रीण, आम्ही दोघींनी ठरवले की एकदा जाऊन पाहायचे. वरचे अगदी पुढचे बाक मिळाले. समोरून खाऱ्या वाऱ्याचा झोत आला. उजवीकडे संबंध समुद्र, आणि चौपाटीची माणसे खाली खेळण्यातल्यासारखी. कचेरी येईपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. ज्यांना मी ओळखते त्यांना हे नवल वाटेल! त्यानंतर आम्ही वरच बसू लागलो. हळूहळू आमच्या पाठोपाठ इतर बाया येऊ लागल्या, आणि वर्षभरात वरचे पुढचे दोन बाक न लिहिताच आमचे राखीव झाले.

ती जुनी डिझेलवरची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. लोकांनी तिला हार घातले, फोटो काढले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत विजेवर चालणारी नवी दुमजली बस आली होती. ती थंडगार आहे, तिला दोन दारे आहेत आणि दोन जिने आहेत. खारा वारा मात्र काचेबाहेर राहिला.

बसची एक रात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि गंमत अशी की कुलाब्याला त्याच्या दशांशसुद्धा नव्हता. मी त्या दुपारी लेकीकडे कलिन्याला निघाले होते. कुर्ल्याहून दुमजली बस धरली. कलिना दिसायच्या आत पाणी पायरीला लागले आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. कंडक्टरने खालच्या सगळ्या उतारूंना वर चढवले. एक कोळीण होती, तिची रिकामी पाटी डोक्यावरच होती. बुरख्यातली एक तरुण बाई तान्ह्या मुलाला घेऊन होती. दोन शाळकरी मुली, एक म्हातारे जोडपे, आणि कारखान्यातून सुटलेले पुष्कळ कामगार. फोन लागेनात. अंधार पडला. कोणाकडे बिस्किटाचा पुडा, कोणाकडे चणे, माझ्या डब्यात लेकीसाठी केलेल्या दहा पुरणपोळ्या. कोळीण म्हणाली, "बाई, चतकोर चतकोर करा, सगळ्यांना पुरंल." पुरल्या. रात्रभर ते तान्हे मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरले. कामगारांनी आपण होऊन जिन्यावर बसून घेतले आणि बाके बायकांना दिली. पाण्याची बाटली असूनही आम्ही बायकांनी घोटभरसुद्धा पाणी घेतले नाही, का ते इथे सगळ्याजणी जाणतात. पहाटे जवळच्या इमारतीतल्या एका बाईंनी गॅलरीतून आमच्याकडे पाहिले आणि हाका मारून दोघी-दोघींना वर बोलावले, मोरी दाखवली, चहा दिला. त्या बाईंचे घर मला पुन्हा सापडले नाही. दोनदा शोधले.

आता ज्यासाठी मी हा सगळा पाल्हाळ लावला तिकडे येते. मला बस शिकवणाऱ्या ताई आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी घेऊनच मी बोलते आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. लोकलगाड्या बंद, बस फक्त दवाखान्यात आणि अत्यावश्यक कामावर जाणाऱ्यांसाठी. ताई घरात बसल्या, आपण सगळ्याच बसलो. पुढे सगळे उघडले. आपण बाहेर पडलो. ताई पडल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या, मग ऊन आहे म्हणाल्या, मग पाऊस. एके दिवशी खरे बोलल्या. म्हणाल्या, "अगं, मला आता बस येत नाही."

ज्या बाईने अर्ध्या चाळीला बस शिकवली तिने हे म्हणावे! पण त्यांचे काही खोटे नव्हते. नंबरांपुढे अक्षरे लागली होती, काही नंबर पाटीवरून नाहीसे झाले होते. लांबलचक बसच्या जागी आखूड बस आली होती. शेजारची मुले सांगत, मोबाइलवर बस कुठे आहे ते दिसते. ताईंचा मोबाइल नुसता बोलण्याचा. भाडे २०१९ च्या जुलैत कमीत कमी पाच रुपये झाले होते ते २०२५ च्या मे महिन्यात दहा झाले, वातानुकूलित गाडीला बारा. गाड्यांची संख्याही घटली. २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक होत्या, त्या २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली आल्या. पाच वर्षे घरात बसलेल्या माणसाला हे सगळे एकदम भेटले तर त्याने पायरी चढायची कशी?

एक मौज पाहा. एस. टी. ने २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत केला आणि २०२३ च्या मार्चमध्ये बायकांना अर्धे तिकीट केले. मुंबई सेंट्रलचा एस. टी. थांबा आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे ताई चिपळूणपर्यंत एक पैसा न देता जाऊ शकतात, पण गिरगाव चौपाटीला जायचा त्यांना धीर होत नाही!

भाड्याची गोष्टही आपण मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्या मंडळातल्या काही जणी तीन-तीन घरची कामे करतात. दोन बस बदलून जायचे आणि दोन बदलून यायचे तर दिवसाला चाळीस रुपये नुसते बसचे. मग ती बाई एक बस सोडून चालत जाते, अर्धा तास आधी निघते आणि मुलांचा डबा त्याच्याही आधी करते. दिल्लीत २०१९ पासून, तमिळनाडूत २०२१ पासून, कर्नाटकात २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. आपल्याकडे २०२३ साली निघालेली अर्ध्या तिकिटाची सवलत एस. टी. पुरती होती. याविषयी आपल्या मंडळाने अर्ज करावा असे मला वाटते, आणि अर्जावर सह्या करताना ज्या खरोखर बसने जातात त्यांच्या सह्या वर असाव्यात. रिक्षा-टॅक्सीने फिरणाऱ्यांच्या खाली. चिटणीसबाई हसताहेत, पण मी गंभीरपणे सांगते आहे.

अर्ज मंजूर होईल तेव्हा होईल. ताईंना तोवर थांबवून कसे चालेल? गेल्या महिन्यात मी त्यांना घेऊन निघाले. निघण्याआधी त्यांनी मुठीत पाच रुपयांचे नाणे घेतले, मी दुसरे घ्यायला लावले. थांब्यावर त्या माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. बस आली. ड्रायव्हरने गाडी अगदी पदपथाला लावली आणि पायऱ्या चढेपर्यंत थांबला. कंडक्टर अगदी पोरगेला होता. त्याने विचारले, "आजी, कुठं जायचंय?" ताईंना 'आजी' हा शब्द झोंबला. त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "चौपाटी. दोन. आणि आम्हाला थांबा सांगू नकोस, आम्हाला ठाऊक आहे." त्यानंतर चौपाटीपर्यंत त्यांनीच मला खिडकीतून दाखवले, इथे पूर्वी अमुक दुकान होते, तिथे तमुक. थांब्याच्या आधीच्या थांब्याला उठून उभ्या राहिल्या. उतरताना दांडा धरला, तोंड गाडीच्या दिशेला केले. आणि खाली उतरून मलाच म्हणाल्या, "तू उलटी उतरत होतीस की काय? नीट बघ!"

वाळूत बसून आम्ही भेळ खाल्ली. तिखट केली होती.

आपल्या या चार चाळींत अशा किती जणी आहेत याची मी जुजबी चौकशी केली. दाराच्या आत राहिलेल्या अकरा निघाल्या. कोणाचे यजमान गेले, कोणाच्या मुली परगावी, कोणाला एकदा पडल्यामुळे भीती बसली. त्यांच्यापैकी निदान सहा जणी एके काळी रोज बसने कामावर जात होत्या. म्हणून अध्यक्षीणबाईंच्या संमतीने मी एक गोष्ट सुरू करते आहे. दर मंगळवारी दुपारी तीन वाजता, म्हणजे गर्दी नसताना, दोघींनी एकीला बसने न्यायचे आणि परत आणायचे. कुठे न्यायचे ते तिने ठरवायचे. देऊळ म्हणो, बहिणीचे घर म्हणो, नाहीतर नुसते शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत. पहिल्या खेपेला हात धरायचा, दुसऱ्या खेपेला नुसते शेजारी बसायचे, तिसऱ्या खेपेला मागच्या बाकावर. चौथ्या खेपेला आपण थांब्यावरच राहायचे. भाडे ज्यांना जड जाते त्यांचे मंडळाच्या हळदीकुंकवाच्या शिलकेतून द्यावे, असे कोषाध्यक्षबाईंशी बोलून ठेवले आहे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही, पण त्या समोरच बसल्या आहेत.

ज्यांना न्यायला यायचे आहे त्यांनी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि सवडीचा मंगळवार लिहावा. ज्यांना जायचे आहे त्यांनी नाव लिहिले नाही तरी चालेल, मला जिन्यात सांगितले तरी पुरे. पहिली फेरी येत्या मंगळवारी आहे आणि पहिल्या फेरीला शिकवायला ताई स्वतः येणार आहेत. सुटे पैसे मुठीत आणा.